उणे वीस अंशांत ट्रक अडतो, तेव्हा दोष कुणाचा?

जानेवारीत द्रास-कारगिल-लेहच्या पट्ट्यात रात्रभर उभा राहिलेला ट्रक सकाळी सुरू करणं काय असतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं चित्र ओळखीचं वाटेल. किल्ली फिरवली की सेल्फ जड आवाजात दोन-चार फेरे मारतो आणि थबकतो. डॅशबोर्डवरचे काटे मध्येच उडी मारून शून्यावर येतात. मग इंजिनचा, ब्रेकचा, धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाचा असे दिवे एकामागून एक लागतात. स्कॅनर जोडला तर बिघाडाचे आठ-दहा कोड एकदम हजर, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध दिसत नाही. अशा वेळी गाडीभोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी निकाल देऊन टाकतं: ‘ईसीएम गेला.’

माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, थंडीने क्वचितच मरतो. ट्रकमध्ये बसणाऱ्या चिप उणे ४० अंशांपर्यंत चालतील अशाच निवडलेल्या असतात, आणि सिलिकॉनला गारव्यापेक्षा उष्म्याचाच त्रास जास्त. थंडीचं काम चालतं ते आजूबाजूला. बॅटरीतून संगणकापर्यंत येणारी वीज ती खाली ओढते आणि सेन्सरकडून येणारी खबर बिघडवते. अपुरी वीज आणि चुकीची खबर मिळालेला संगणक इंजिन उठू देत नाही, किंवा उठलं तर त्याची ताकद कापतो. हे लक्षात आलं नाही की चांगले सेन्सर बदलले जातात, चांगलं वायरिंग कापलं जातं, महागडा ईसीएम मागवला जातो आणि गाडी खिंडीच्या अलीकडे पडून राहते. अशा थंडीत अडकलेल्या केबिनमध्ये माणसं असतात, म्हणून हा विषय मला नुसत्या खर्चाचा वाटत नाही.

जुन्या ट्रकांत हा प्रश्न नव्हता. यांत्रिक पंपाचं इंजिन एकदा फिरलं की फवारा आपोआप सुरू व्हायचा. विजेची गरज सेल्फपुरती. बॅटरी बसली तर गाडी उतारावर ढकलून चालू करता यायची. तेल घट्ट झालं, तर चेंबरखाली निखाऱ्यांचं घमेलं किंवा पेटता स्टोव्ह ठेवायचा आणि थांबायचं. १ एप्रिल २०१७ला धुराच्या प्रदूषणाचं बीएस-४ मानक देशभर लागू झालं, १ एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं, आणि सगळं पालटलं. आता इंधन कधी, किती आणि किती टप्प्यांत फवारायचं हे ईसीएम ठरवतो. कॉमन रेलमधला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला दाब दीड-दोन हजार बारपर्यंत चढतो आणि इंजेक्टर मिलिसेकंदाच्या हिशेबाने उघडतो. आपल्या नाशिकच्या बॉश कारखान्यात असे इंजेक्टर तयार होतात. हाताच्या पंज्यात मावणारी ही वस्तू, पण तिला झटक्यात उघडण्यासाठी ईसीएमला बॅटरीचा दाब दुपटीच्या वर चढवून द्यावा लागतो. वीज नाही तर फवारा नाही. ढकलून उपयोग नाही.

आणि ते घमेलं आता ठेवूच नका. आजच्या ट्रकच्या पोटाखालून वायरिंगचा जाड जुडगा, युरियाच्या प्लास्टिकच्या नळ्या आणि सेन्सरचे कपलर (तारा जोडणारे प्लग) जातात. निखाऱ्यांनी त्या दिवशी गाडी सुरू होईलही, पण मऊ पडलेलं इन्सुलेशन पुढे कधीतरी तडकतं आणि तेव्हा त्या सकाळची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

सेल्फ मारल्यावरचे पहिले दोन सेकंद

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीत वीज रासायनिक क्रियेतून येते आणि थंडीत ती क्रिया मंदावते. २७ अंशांना जी बॅटरी पूर्ण ताकदीने सेल्फ फिरवते, तिच्याकडे उणे १८ला त्यातली निम्मीसुद्धा ताकद उरत नाही. त्याच वेळी इंजिनची मागणी वाढलेली असते. आपल्याकडच्या ट्रकांत सर्रास वापरलं जाणारं तेल १५डब्ल्यू-४०. यातल्या ‘१५डब्ल्यू’ला इंजिन फिरवण्याच्या वेळच्या घट्टपणाची जी मर्यादा ठरलेली आहे, ती उणे २० अंशांना मोजतात. त्याच्या खाली ते तेल किती घट्ट होईल याची हमी कुणी दिलेली नाही. ५डब्ल्यू तेलासाठी तीच चाचणी उणे ३०ला होते. म्हणजे चुकीचं तेल भरलं की सेल्फवर बोजा येतो, सेल्फ जास्त करंट ओढतो, व्होल्टेज पडतं आणि बोभाटा मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या नावाने होतो.

लेहला यात उंचीची भर पडते. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के. सिलिंडरमध्ये हवा कमी, म्हणून दाबल्यावर तयार होणारी उष्णताही कमी, म्हणून डिझेल पेट घ्यायला वेळ लागतो. सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. जास्त वेळ म्हणजे बॅटरी आणखी खाली.

आता किल्ली फिरवल्यावर काय होतं ते पाहा. किल्ली ‘ऑन’ला आली की आधी हवा तापवणारा हीटर लागतो, तोच शंभर अँपिअरच्या वर खातो. मग सेल्फ. थांबलेली मोटर हलवण्याच्या पहिल्या क्षणी करंट सगळ्यात जास्त असतो, सेकंदाच्या छोट्याशा भागात व्होल्टेज धाडकन खाली येतं, मोटर फिरायला लागली की थोडं सावरतं. गावात पिठाच्या गिरणीची मोटर लागली की आजूबाजूच्या घरांतले दिवे क्षणभर मिणमिणतात ना, अगदी तेच. फरक इतकाच की दिवा मिणमिणून पुन्हा उजळतो, पण संगणकाला मिणमिणता येत नाही. ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेला की तो बंद होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. इंजिनचा ईसीएम या बाबतीत बराच काटक बनवलेला असतो. डॅशबोर्ड, ब्रेकचा संगणक, गिअरबॉक्सचा संगणक हे साधारणपणे त्याच्या आधी माना टाकतात.

याची खूण डोळ्यांनी दिसते. बऱ्याच ट्रकांत किल्ली ऑन करताच काटे एकदा पूर्ण फिरून परत येतात. ती डॅशबोर्डची स्वतःची तपासणी असते. सेल्फ चालू असताना मध्येच तो फेरा पुन्हा झाला, तर समजा की संगणक त्या क्षणी बंद पडून नव्याने उठला आहे. स्कॅनर जोडण्याआधीच निम्मं निदान झालं.

सेल्फ फिरत असताना दोन बॅटऱ्यांच्या टोकांवर मल्टिमीटर धरा. उन्हाळ्यात हा आकडा १९च्या खाली जायला नको असतो. कडाक्याच्या थंडीत १७पर्यंतही समजून घेता येईल. त्याच्याही खाली गेला, तर आधी बॅटरी, लग (बॅटरीच्या बोंडावर बसणारं केबलचं टोक) आणि अर्थिंग बघायचं. बाकी सगळं नंतर.

लगचा हिशेब एकदा मनात पक्का करून ठेवण्यासारखा आहे. सेल्फला ४०० अँपिअर जातायत असं धरा. एखाद्या पांढऱ्या पडलेल्या लगमध्ये फक्त एक शतांश ओहमचा अडथळा आहे. ४०० गुणिले ०.०१ म्हणजे ४ व्होल्ट, तिथल्या तिथे गडप. आणि एक शतांश ओहम साध्या मल्टिमीटरवर मोजताच येत नाही, तो ‘शून्य’ दाखवतो आणि आपण लग चांगला आहे म्हणून पुढे जातो. म्हणून ओहम मोजू नका, व्होल्ट मोजा. मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या बोंडावर, दुसरी त्याच्यावर बसलेल्या लगवर, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. जवळजवळ शून्य यायला हवं. मग एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर आलं, तर अर्थिंगची पट्टी सोडवून, घासून पुन्हा आवळा. या दोन मापांना पाच मिनिटं लागतात, आणि कितीतरी ‘मेलेले’ ईसीएम त्यांनी उठून बसतात.

बॅटरी विकत घेताना आपण अँपिअर-तास विचारतो. थंडीच्या प्रदेशात जायचं असेल तर सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) विचारा. उणे १८ अंशांना ३० सेकंद ती किती करंट देऊ शकते, याचा तो आकडा आहे, आणि द्रासला कामाचा तोच. आणखी एक: पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५०लाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत आम्ल पातळ होऊन जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे दहाच्या आसपास गोठतं. फुगलेल्या, गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सेल्फ मारू नका. ती फुटते.

दहा कोड एकदम का येतात

ट्रकमधले सगळे संगणक दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात. या व्यवस्थेला कॅन म्हणतात. इंजिन ठरावीक अंतराने सांगत राहतं की माझे फेरे इतके, तापमान इतकं; ब्रेक सांगतो, वेग इतका. ज्याला जे हवं ते तो ऐकतो. आता व्होल्टेज पडून ब्रेकचा संगणक दोन सेकंद गप्प झाला. इंजिनने नोंद केली: ब्रेककडून निरोप नाही. गिअरबॉक्सने नोंद केली: ब्रेककडून निरोप नाही. डॅशबोर्डनेही केली. मग इंजिन गप्प झालं आणि बाकीच्यांनी त्याच्या नावाने नोंद केली. बिघाड एक, तक्रारी दहा.

जड ट्रकांच्या कोडमध्ये दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो कुठल्या गोष्टीबद्दल तक्रार आहे, एफएमआय सांगतो तक्रार कशा प्रकारची आहे. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, ९ म्हणजे निरोप वेळेवर आला नाही. एसपीएन १६८ म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज. त्या लांबलचक यादीत १६८ असेल आणि बाकीच्यांत ९ पुन्हापुन्हा दिसत असेल, तर ती यादी दहा बिघाडांची नाही. कोडची नोंद करून ठेवा, बॅटरी नीट करा, कोड पुसा, पुन्हा सेल्फ मारा, आणि जे परत येतील तेवढ्यांचाच विचार करा. तुमच्या स्कॅनरवर ‘पी’ आणि ‘यू’ने सुरू होणारे कोड दिसत असतील, तर संपर्क तुटल्याचे कोड ‘यू’चे.

कॅनच्या तारांमध्येच दोष असल्याची शंका असेल तर मेन स्विच (बॅटरीची वीज तोडणारा) बंद करून त्या दोन तारांमधला अडथळा मोजता येतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, त्यामुळे एकत्र ६० यायला हवं. १२० आलं तर एक टोक सुटलेलं आहे. ही तपासणी गारठलेल्या गाडीवर सकाळीच करा. ऊन चढल्यावर केली तर आकडा बरोबरही येऊ शकतो. तसं का, ते कपलरच्या भागात येईलच.

सेन्सरला थंडी वाजते तेव्हा

इंजिनचं पाणी किती गरम आहे हे सांगणारा सेन्सर म्हणजे एक छोटा रोधक, जो गार होईल तसा विजेला जास्त अडवतो. नेहमीच्या वापरातला असा एक सेन्सर २० अंशांना सुमारे २,५०० ओहम दाखवतो, उणे दहाला ९,००० च्या वर, आणि उणे ४०ला ४५,००० च्या आसपास. ईसीएमला दिसतो तो त्याच्यावरून आलेला व्होल्टेज. आता तुटलेल्या तारेचा अडथळा अमर्याद असतो आणि अतिशय गारठलेल्या सेन्सरचा प्रचंड. ईसीएमच्या बाजूने पाहिलं तर दोघांत फार थोडं अंतर उरतं. कपलरमध्ये जरासा गंज असला की तेही संपतं, आणि ‘सेन्सरची तार तुटली’ असा कोड येतो. तार तुटलेली नसते, सेन्सरही चांगला असतो. इंजिन कसंबसं गरम झालं की कोड निघून जातो.

क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, सेन्सरची गोष्ट वेगळी. काही इंजिनांत तो चुंबकावर चालतो: दात असलेलं चाक जितकं जोरात फिरेल तितका संकेत जोरकस. घट्ट तेलामुळे इंजिन रखडत फिरलं तर संकेत इतका क्षीण होतो की ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, आणि तो फवारा देत नाही. सेल्फ फिरतोय, डिझेल आहे, तरी धूरसुद्धा नाही. अशा वेळी सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनचे फेरे बघा. मिनिटाला शंभराच्या खाली दिसले किंवा शून्यच राहिले, तर सेन्सर बदलण्याआधी बॅटरी आणि तेल आठवा.

धुराड्यात बसणारा, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर मात्र थंडीत खरोखर मरू शकतो. त्याच्या आतली सिरॅमिकची पट्टी काम करताना शेकडो अंश तापलेली असते. धुराड्यात साचलेल्या पाण्याचा थेंब तिच्यावर उडाला की ती तडकते. ईसीएम म्हणूनच धुराडं कोरडं होईपर्यंत तिला तापवत नाही. पण रात्रभर गाडी नुसती घुरघुरत ठेवली, किंवा दहा मिनिटं चालवून बंद केली, असं रोज केलं तर धुराडं कधी धड वाळतच नाही. धुराड्यातल्या काजळीच्या फिल्टरच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक रबरी नळ्यांतही हेच पाणी जमतं आणि रात्रीत गोठतं. मग सेन्सर सांगतो की फिल्टर तुंबला, जेव्हा तुंबलेली असते ती नळी.

डॅशबोर्डचा पडदा सकाळी अंधुक दिसतो, आकडे सावकाश बदलतात. त्याची काळजी नको. पडद्यातला द्रव घट्ट झालेला असतो, केबिन उबदार झाली की सुधारतो.

कपलरमधला बर्फ

लडाखमध्ये थंडीबरोबर ऊनही कडक असतं. दुपारी उन्हाकडच्या बाजूचा बर्फ वितळतो, थेंब वायरिंगवरून ओघळत कपलरपर्यंत येतो. रबरी सील थंडीने आखडून कडक झालेलं असतं, पूर्वीसारखं घट्ट बसत नाही. थेंब आत जातो. रात्री तो गोठतो, आणि पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पिनेला केसभर बाजूला सारायला तेवढं पुरतं. असा कपलर भल्या सकाळी उघडला तर पिनांच्या मुळाशी पांढुरका, साखरेच्या दाण्याएवढा बर्फ दिसतो. दुपारी उघडला तर काहीच दिसत नाही, फार तर एखाद्या पिनेवर हिरवट डाग. सकाळी हजर आणि दुपारी गायब असणारा कोड दिसला की ज्या सेन्सरचा कोड आहे त्याच्या आधी त्याच्या कपलरकडे बघावं ते यासाठी.

इथे आपल्याकडच्या एका सवयीबद्दल बोलायलाच हवं. करंट आहे का हे बघायला वायरमन टेस्ट लॅम्पची सुई तारेच्या इन्सुलेशनमधून आरपार टोचतो. पुण्यात किंवा नागपुरात ते भोक वर्षानुवर्षं खपून जातं. द्रासला त्या भोकातून ओल शिरते, तांब्यातून पसरते आणि तार आतून काळी पडते. तार कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळणं हेही तसंच: थंडीत टेपचा चिकटपणा जातो आणि ती सुटते. कपलरच्या मागून पिनेला अलगद लावायच्या बारीक सुया मिळतात, त्या वापराव्यात. तार जोडायचीच झाली तर आत गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी घालावी. कडाक्याच्या थंडीत तारांचा जुडगा हाताने वाकवूही नये. साधं प्लास्टिकचं इन्सुलेशन अशा वेळी वाकण्याऐवजी तडकतं. गोठलेल्या टाकीवर किंवा फिल्टरवर उकळतं पाणी ओतणारे आजूबाजूच्या कपलरांवरही पाणी ओतत असतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

युरिया आणि मेन स्विच

बीएस-६च्या जड ट्रकांत धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी फवारलं जातं. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो आणि ते उणे ११ अंशांना गोठतं. हे ठरवूनच केलेलं आहे. याच प्रमाणात ते सगळ्यात खालच्या तापमानापर्यंत पातळ राहतं. गोठलं तरी बिघडत नाही. टाकीत इंजिनच्या गरम पाण्याची नळी फिरवलेली असते, ती त्याला वितळवते. युरिया गोठलेला असताना ट्रक सुरूही होतो आणि चालतोही.

बिघाड होतो तो आदल्या संध्याकाळी. किल्ली काढल्यावर ट्रकच्या मागच्या बाजूने एक-दोन मिनिटं घरघर ऐकू येते. तो युरियाचा पंप असतो. नळ्यांतला आणि फवारणीच्या तोंडातला युरिया तो टाकीत परत ओढून घेत असतो, म्हणजे रात्री त्या रिकाम्या राहाव्यात. बॅटरी वाचवायला म्हणून ड्रायव्हर किल्ली काढतो आणि लगेच मेन स्विच पाडतो. पंप मध्येच बंद. नळ्या भरलेल्याच राहतात, रात्री गोठतात, युरिया फुगून पंपाच्या आतला पडदा किंवा दाबाचा सेन्सर फोडतो. सकाळी कोड येतो सेन्सरचा. सेन्सर बदलला जातो, संध्याकाळी मेन स्विच पुन्हा तसाच पाडला जातो. ती घरघर थांबेपर्यंत, नाहीतर निदान पाच मिनिटं, मेन स्विचला हात लावू नये. ही एवढीच गोष्ट प्रत्येक ड्रायव्हरला नीट, कारणासकट सांगितली, तर कितीतरी पंप वाचतील. कारण सांगणं महत्त्वाचं. ते न सांगता नुसतं ‘थांबा’ म्हटलं की बॅटरीच्या काळजीपुढे ते टिकत नाही.

युरियात बिघाड दिसला की ईसीएम काही काळाने इंजिनची ताकद कापतो. प्रदूषणाच्या नियमात ते आहे आणि मैदानी प्रदेशात ते योग्यही आहे. खिंडीच्या चढावर, एका गोठलेल्या सेन्सरच्या सांगण्यावरून ते होणं धोक्याचं आहे. अमेरिकेत यावरून बरीच ओरड झाली. तिथल्या नियमांप्रमाणे ट्रकचा वेग काही तासांत ताशी ५ मैलांपर्यंत उतरवला जाऊ शकत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने उत्पादकांना सॉफ्टवेअर बदलून ही अचानक होणारी कपात सौम्य करायला सांगितलं, आणि २०२७च्या मॉडेलपासून नव्या ट्रकांची रचनाच तशी असावी असं म्हटलं. आपल्याकडे झोजिला, बारालाचासारख्या रस्त्यांचा विचार करून असा बदल व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

डिझेलचा दोष, सेन्सरच्या नावावर

‘रेलचा दाब कमी’ हा कोड थंडीत फार येतो आणि रेलचा सेन्सर उगाच बदलला जातो. डिझेलमध्ये मेण असतं. भारतीय मानकाप्रमाणे साध्या हिवाळी डिझेलसाठी फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा ६ अंश आहे आणि उन्हाळी डिझेलसाठी १८. शून्याच्या वर, उणे नव्हे! महाराष्ट्रात टाकी फुल करून कुणी थेट कारगिल गाठलं, तर ते डिझेल तिथे वाहील अशी अपेक्षाच चुकीची आहे. मेणाचे कण फिल्टर अडवतात, पंपाला डिझेल मिळत नाही, दाब चढत नाही, आणि सेन्सर ते इमानदारीने सांगतो.

यावर उपाय आहे. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी पानिपतच्या रिफायनरीतून खास हिवाळी डिझेल आणलं, जे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. वर चढण्याआधी टाकी रिकामी होत आणायची आणि ते भरायचं, आणि भरल्यावर थोडं चालवायचं, म्हणजे फिल्टर-नळ्यांतही तेच पोचतं. रॉकेल मिसळायची जुनी युक्ती कॉमन रेलमध्ये करू नये. त्याने डिझेलचा वंगणपणा जातो आणि पंप-इंजेक्टर घासतात. पुण्या-मुंबईहून स्वतःची डिझेल एसयूव्ही घेऊन हिवाळ्यात लेहला जाणाऱ्यांनाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे.

अलास्कात काय करतात

अलास्काचा डाल्टन हायवे ६६६ किलोमीटरचा, तेलक्षेत्रापर्यंत जाणारा. त्याच्या वाटेवरच्या प्रॉस्पेक्ट क्रीक इथे २३ जानेवारी १९७१ला उणे ६२.२ अंश नोंदलं गेलं, अमेरिकेतलं सर्वांत कमी. तरी तिथे ट्रक हिवाळाभर चालतात. फेअरबँक्स शहरात पार्किंगमध्ये विजेचे सॉकेट असतात आणि गाड्यांच्या तोंडाबाहेर प्लग लोंबत असतो. इंजिनच्या पाण्यात बुडवलेला हीटर त्यावर रात्रभर चालतो. बॅटरीखाली उबदार पट्टी असते. इंजिन आणि बॅटरी कोमट असल्या की वर सांगितलेली साखळी सुरूच होत नाही. एक बारकावा मात्र आहे: पाणी ३० अंशांवर आणि बाहेरची हवा उणे ३०वर पाहून काही गाड्यांचा ईसीएम गोंधळतो, दोन सेन्सरपैकी एक खोटा असणार असं समजून कोड टाकतो. तो सोडून द्यायचा.

आपल्याकडे पार्किंगमध्ये सॉकेट नाहीत, पण डिझेलवर चालणारा छोटा हीटर मिळतो, जो तासभर आधी इंजिनचं पाणी गरम करतो. तो बॅटरीतून थोडी वीज घेतो, म्हणून बॅटरी धडधाकट असेल तरच त्याचा फायदा.

नंतर बसवलेल्या स्वस्त वस्तूंकडेही बघा. जीपीएस ट्रॅकर, कॅमेरा, चार्जर यांतले बरेचसे साध्या दर्जाच्या चिपवर बनतात, काहींना शून्य अंशाच्या खाली चालायची हमीच नसते. ट्रॅकरमधली लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्ज केली की आतून खराब होत जाते. कॅनच्या तारांना कापून जोडलेला असा ट्रॅकर थंडीत अडला, तर अख्ख्या ट्रकचं बोलणं बंद पाडू शकतो. कोडांचा उलगडा होत नसेल तर अशा वस्तू आधी सोडवून बघा.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल कधीही काढू नका, कितीही घाई असो. अल्टरनेटरची वीज शोषायला बॅटरी नसली की २४ व्होल्टच्या गाडीत क्षणभर शंभर व्होल्टच्या वर उसळी येऊ शकते. ईसीएम खरोखर जातो तो अशा वेळी, आणि दोष मात्र थंडीला दिला जातो.

गाडी अखेर जम्मूला किंवा चंदीगडला वर्कशॉपमध्ये उतरते तेव्हा तिथे ऊन असतं, कपलर वाळलेले असतात आणि बिघाड सापडत नाही. म्हणून कोड दिसला की पुसण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो घ्या, आणि त्यासोबत वेळ, बाहेरचं तापमान, सेल्फ मारतानाचं व्होल्टेज आणि गाडी आदल्या रात्री कुठे नि कशी उभी होती हे लिहून ठेवा. खाली बसलेल्या मिस्त्रीला त्या चार ओळी नुसत्या स्कॅनरपेक्षा जास्त सांगतील.